जुन्या पद्मिनी गाडीच्या फ्लायव्हीलची (इंजिनमागच्या जड चाकाची) नवी दातेरी रिंग आणि इंजिनच्या हेडचे व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यांत सरकतो त्या नळ्या) कसे बसवायचे? दोन्ही घट्ट आहेत. मिस्त्री म्हणतो, रिंग गॅसवर लाल करू.

लाल करू देऊ नका. मिस्त्री कितीही जुना असो.

आमच्या बाबांची १९७९ची पद्मिनी होती. इंजिन उतरवलं तेव्हा मी सांगत होतो, रिंग बेताने तापवू. थोरल्या दादाने माझं वय काढलं आणि मिस्त्रीने गॅसने रिंग लालबुंद केली. अलगद बसली. दादा म्हणाला, "बघ, झालं की नाही?" पाच महिन्यांत सेल्फ (स्टार्टर) मारला की नुसतं खर्रखर्र. पहाटेची गाडी गाठायची होती आणि बासष्ट वर्षांचे बाबा धोतर खोचून पद्मिनी ढकलत होते. ते मी विसरलेलो नाही. गिअरबॉक्स उतरवून पाहिलं तर दात मेणासारखे चेपलेले. लाल केलं की दातांचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, दुसरं काही नाही.

लाल करायची गरजच नसते हो! ३०० मिमी व्यासाची रिंग २०० अंशांनी तापली तरी ०.७ मिमी वाढते. बसायला तेवढं पुष्कळ झालं. दुसरी रिंग मी गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत, खारीच्या ट्रेवर ठेवली. एका जागी पॉलिश पेपरने चकाकी आणली होती. तिथे गवतासारखा फिका पिवळा रंग चढला की काढायची. निळा आला तर उशीर झाला. फ्लायव्हील आधीच लाकडावर सपाट ठेवलेलं. दोन सांडशींनी रिंग वर धरली, सोडली, ती फ्लायव्हीलच्या खांद्यापर्यंत, म्हणजे कडेच्या पायरीपर्यंत गेली. हातोडी लागली नाही. ती रिंग गाडी विकेपर्यंत टिकली.

दातांची उतरती बाजू मात्र जुनी रिंग काढण्याआधी बघून ठेवा, उलटी बसली तर सेल्फचं पिनियन (या दातांत शिरणारं छोटं दातेरी चाक) अडकतं. आणि जुन्या रिंगचे दात फक्त समोरासमोर दोन जागी झिजले असतील, तर चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना त्याच दोन ठिकाणी थांबतं म्हणून. तीच रिंग तापवून पाव फेरा फिरवून बसवली तरी चालते. नवीन घेण्याआधी हे बघायला हवं होतं.

गाइडचं म्हणाल तर हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून हेड सगळीकडून सारखं गरम आणि गाइड रात्रभर फ्रीजरमध्ये. पण गाइड बसल्यावर रीमर मारून भोक मापात आणावं लागतं, सीट म्हणजे व्हॉल्व्ह टेकायची जागाही पुन्हा कापावी लागते, तेव्हा ते काम मशीन शॉपलाच द्या.

दादा अजून म्हणतो, ती पहिली रिंगच हलक्या मालाची होती. ती रिंग मी माळ्यावर जपून ठेवली आहे. कानस लावली की दात लोण्यासारखे कापले जातात आणि गरम न केलेल्या रिंगवरून तीच कानस घसरते. तुमच्या मिस्त्रीला एवढं करून दाखवा.