चार माणसं, 23 किलोच्या बॅगा आणि मागे जोडलेलं घर

प्रश्न : आमचा मुलगा डेन्व्हरला असतो. त्याने यंदा पिकअप ट्रक घेतला आणि त्याच्यामागे जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलरही, म्हणजे चाकांवरचं छोटं घरच. जूनमध्ये मी आणि हे तिकडे जाणार आहोत. चौघांनी ट्रेलर घेऊन यलोस्टोनला जायचा बेत आहे. मुलगा म्हणतो, "गाडी 11,000 पौंड ओढते, ट्रेलर भरून 7,000 चा होतो, मग काळजी कसली?" पण सून हळूच सांगत होती की पहिल्याच फेरीत मागचं घर डोलत होतं. ह्यांच्या पाठीचं दुखणं जुनं आहे, म्हणून मुलाचं म्हणणं की बाबांनी ट्रेलरमधल्या पलंगावर आडवं होऊन यावं. मला गाड्यांमधलं काही कळत नाही. त्याला नेमकं काय विचारू?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, सुनेचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. त्याआधी ह्यांचं बघू. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, आडवं तर मुळीच व्हायचं नाही. त्या पलंगाला पट्टा नसतो आणि वरच्या कपाटातलं सामान अंगावर यायला एक जोराचा ब्रेक पुरतो. तिकडच्या अनेक राज्यांत कायद्यानेच मनाई आहे. ह्यांना पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवा, पाठीला उशी द्या आणि दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून चालायला लावा.

आता वजनाचं. मुलाला चालकाकडचं दार उघडायला सांगा. दाराच्या खांबावर टायरच्या हवेचा पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे खास त्या गाडीपुरतं त्यावर छापलेलं असतं. कळंबोलीत आम्ही ज्याला गाडीचं पासिंग म्हणतो, तेच हे. मी न्हावाशेवा बंदरातून निघणारे कंटेनरचे ट्रेलर उभ्या आयुष्यात सांभाळले. नव्या चालकाला पहिला प्रश्न हाच असायचा की पासिंग किती आणि काटा केलास का, म्हणजे भरलेली गाडी तोलून घेतलीस का. इंजिन किती ओढतं हे नंतर.

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसतं. साधारण 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे पिकअपच्या शेपटीला ट्रेलर जिथे जोडतात त्या जोडणीवर येतं, आणि ते पासिंगमधून वजा होतं. समजा स्टिकरवर 1,500 पौंड, म्हणजे 680 किलो लिहिलंय. 7,000 पौंडांच्या ट्रेलरचे 13 टक्के धरले तर 910 पौंड, सुमारे 413 किलो हिचवर गेले. हिचचं लोखंड आणखी 40 किलोच्या आसपास. उरले 227 किलो. तुम्ही चौघं सरासरी 70 किलोचे धरलात तरी 280 होतात. विमानातून आणलेल्या 23 किलोच्या बॅगा तर मी अजून मोजल्याच नाहीत. म्हणजे गाडी 11,000 पौंड ओढेलही, पण घरातून निघतानाच ओव्हरलोड आहे. जाहिरातीतला तो आकडा काढताना गाडीत चालक आणि एक प्रवासी एवढेच धरतात. आईवडील, त्यांच्या बॅगा आणि डब्यातली थालीपिठं त्यात नसतात.

हा हिशेब कागदावर करून थांबू नका. तिकडे हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात. चौघं आत बसलेले, टाकी भरलेली, ट्रेलर जोडलेला, अशा अवस्थेत काटा करायला लावा. पुढचा एक्सल (चाकांचा आस), मागचा एक्सल आणि ट्रेलरचे एक्सल यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. कोलोरॅडोत जावयाच्या ट्रेलरचा काटा मी हट्टाने करून घेतला होता. तुम्हीही हट्ट धरा, आईचा हट्ट मुलगा मोडत नाही.

वजन जास्त भरलं की लोक एक घातक गोष्ट करतात. हिचवरचा भार कमी व्हावा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवतात, सायकली मागच्या बंपरला टांगतात. जांभळी नाक्यावर हातगाडीत पोती मागे लादली की दांडे कसे वर उचलतात, ते तुम्ही पाहिलं असेल. इथेही तेच होतं. हिच हलकं झालं की ट्रेलर डोलायला लागतो आणि वेग वाढला की डोलणंही वाढतं. सुनेने पाहिलं ते बहुधा हेच असणार. जड सामान ट्रेलरच्या एक्सलवर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवायचं. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघायला सांगा. 40 गॅलन पाणी म्हणजे सुमारे 150 किलो, आणि ती टाकी एक्सलच्या मागे असेल तर भरल्यावर हिच आणखी हलकं होतं. पाणी मुक्कामाला पोहोचल्यावर भरा.

स्प्रिंग बारवालं वजन वाटून देणारं हिच त्याने लावलंय का, हेही विचारा. ते शेपटीवरचा थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतं, त्यामुळे स्टिअरिंग हलकं पडत नाही. मात्र गाडीचं पासिंग त्याने वाढत नाही.

डेन्व्हरहून यलोस्टोनला जायचं तर वायोमिंग लागणारच. तिथल्या 80 नंबरच्या महामार्गावर वारा इतका जबर असतो की हलक्या पण उंच गाड्यांसाठी रस्ता कधीकधी बंदच करतात. त्या दिवशी मुक्काम वाढवा, आरक्षण बुडलं तर बुडू द्या. मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या हवेचा धक्का ट्रेलरला बसतो. ट्रेलर डोलायला लागलाच तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही, वेगही वाढवायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. मागून ओढ बसली की ट्रेलर सरळ होतो. म्हणून ताई, एक विनंती. त्या क्षणी मागच्या सीटवरून "अरे, ब्रेक दाब!" असं ओरडू नका. चौघांनाही हे आधी सांगून ठेवा.

वेगही विचारा. ट्रेलरचे बरेच टायर ताशी 65 मैलांपर्यंतचेच असतात आणि तिथल्या रस्त्यावर मर्यादा त्याहून जास्त असते. ट्रेलरने टायरचं ऐकायचं, पाटीचं नाही. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांतून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळतं. नक्षी नवी दिसली तरी जुना टायर उन्हात फुटतो.

निघण्याआधी जोडणी तुम्ही स्वतः उभं राहून बघा. पिकअपच्या हिचवरचा गोळा म्हणजे बॉल आणि त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी म्हणजे कपलर, दोन्ही एकाच मापाचे हवेत. 2 इंची बॉलवर सव्वादोनच्या वरचा, म्हणजे 2 पूर्णांक 5/16 इंची कपलर बसल्यासारखा दिसतो आणि खड्ड्यात उसळून निघतो. कुलूप लावल्यावर ट्रेलरचा जॅक थोडा वर घ्यायला सांगा. पिकअपची शेपटी सोबत उचलली गेली तर पकड बसली. साखळ्या दांड्याखालून एकमेकींवरून फुलीसारख्या जायला हव्यात, म्हणजे कपलर निसटला तर त्यांवर झेलला जातो. ब्रेकअवे स्विचची बारीक तार साखळीला न अडकवता थेट पिकअपला अडकवायची. ट्रेलर सुटलाच तर ती तार पिन उपसते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावतो.

काट्यावर वजन जास्त निघालं तर मुलाने मन मोठं करावं. तेवढ्या सहलीपुरता दणकट पिकअप भाड्याने घ्यावा, किंवा तुम्ही दोघं सुनेबरोबर दुसऱ्या गाडीने जावं. काट्याची चिठ्ठी हातात आल्यावर मला नक्की कळवा.

प्रश्न : पुण्याला जाऊन येताना घाट उतरताना आमचा चालक गाडी न्यूट्रलवर सोडतो. डिझेल वाचतं म्हणतो. खरं आहे का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की इंधन बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. वर इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. बोरघाटात त्याला खालचा गिअर लावायला सांगा. जळका वास आला तर सुरक्षित जागी गाडी उभी करून अर्धा तास थांबा, आणि तापलेल्या चाकांवर पाणी ओतू देऊ नका, ड्रमला तडा जातो.