योरुबा धर्मातले मुख्य देव कोणते आणि कोणाकडे कुठलं काम? आपल्या इंद्र-वरुणासारखंच का?

वरवर पाहिलं तर तसंच. पण नुसती खातेवाटप पाठ केलीत तर फसाल. योरुबांचा देव ओळखायचा तो त्याला काय चालतं आणि काय चालत नाही यावरून.

नैऋत्य नायजेरिया आणि शेजारचा बेनिन हा योरुबांचा मुलूख. सगळ्यांच्या वर ओलोदुमारे. त्याची मूर्ती नाही, रोजची पूजाही नाही. रोजचा व्यवहार त्याच्या हाताखालच्या देवांशी, म्हणजे ओरिशांशी. ते 401 सांगतात, पण ती मोजदाद नव्हे. आपल्या तेहतीस कोटींसारखं समजा: ‘पुष्कळ, आणि वर आणखी एक’.

ओबाताला मातीतून माणसाचं शरीर घडवतो. एकदा ताडी पिऊन बसला आणि काही शरीरं वेडीवाकडी झाली, म्हणून कुबड असलेली माणसं त्याची खास मानतात आणि त्याचे भक्त ताडीला शिवत नाहीत. त्याचं सगळं पांढरं, नैवेद्य बिनमिठाचा. ओगुनला मात्र ताडी लागतेच, शिवाय कुत्र्याचा बळी. तो लोखंडाचा, म्हणून लोहार, शिकारी आणि हल्ली ट्रकड्रायव्हर त्याचे. नायजेरियाच्या कोर्टात पारंपरिक धर्माचा साक्षीदार लोखंडावर हात ठेवून शपथ घेऊ शकतो. इथे एक घोळ हमखास होतो: ओगुन नावाची नदीही आहे, पण तिच्या नावाच्या उच्चारातला चढउतार वेगळा आणि देवता येमोजा. हीच येमोजा ब्राझीलला पोचल्यावर समुद्राची झाली. साल्वादोरला 2 फेब्रुवारीला तिच्यासाठी फुलं-अत्तरं पाण्यात सोडतात.

शांगो हा ओयो या योरुबा राज्याचा राजा, मरणानंतर विजेचा देव. हातात दुपाती कुऱ्हाड. त्याला कोला फळ चालत नाही, कडू ओरोग्बो द्यायचं. पूर्वी घरावर वीज पडली की त्याचे पुजारी येऊन जमिनीतून ‘विजेचा दगड’ शोधून काढत आणि दंड घरमालकालाच, कारण देव उगाच रागावत नाही. हे दगड बहुधा अश्मयुगातल्या घासलेल्या कुऱ्हाडी. त्याच्या बायकांपैकी ओया वादळाची आणि नायजर नदीची. ओशुन गोड्या पाण्याची आणि संततीची, तिची ओशोग्बोची राई 2005 पासून जागतिक वारसा आहे.

शोपोना देवीच्या रोगाचा. त्याचं नाव घ्यायचं नाही, ‘ओबालुआये’ म्हणजे भूमीचा राजा म्हणायचं. रोगालाच ‘देवी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजवायला नको.

आता खरी गंमत, ओरुन्मिला आणि एशू. ओरुन्मिला इफा या कौलविद्येचा धनी. त्याचा पुजारी बाबालावो 16 ताडतेलाच्या बिया डाव्या हातात धरतो आणि उजव्याने एका झपाट्यात उचलतो. मागे एक उरली तर लाकडी पाटावरच्या भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक रेघ. (नवखे नेमकं इथेच उलटं मांडतात.) एकही उरली नाही किंवा दोनाहून जास्त उरल्या तर तो फेरा बाद. असे आठ फेरे लागले की चार-चारचे दोन रकाने भरतात, उजवा आधी वाचायचा. एका रकान्याचे 16 प्रकार, म्हणून एकूण 256 जोड्या; अशा प्रत्येक जोडीला ओदू म्हणतात. घाई असेल तर आठ अर्धकवचांची साखळी एकदाच टाकतात.

विचारणारा आपला प्रश्न नाण्याशी कुजबुजतो, बाबालावोला सांगत नाही. बाबालावो त्या ओदूची कवनं म्हणत जातो आणि कुठलं आपल्याला लागू पडतं ते विचारणाऱ्यानेच ओळखायचं. त्या कवनातच काय अर्पण करायचं ते येतं.

ते अर्पण पोचवणारा एशू. चव्हाट्याचा, बाजाराचा, वाटाघाटींचा देव. इफाच्या पाटाच्या कडेवर कोरलेला चेहरा त्याचाच. बायबलच्या योरुबा भाषांतरात सैतानासाठी त्याचं नाव वापरलं गेलं आणि तो गैरसमज अजून चिकटून आहे. त्याला लाल ताडतेल हवं. त्याच फळाच्या आतल्या बीचं काळं तेल, आदी, त्याला वर्ज्य. ते वाहिलं तर तो खवळतो, आणि मग बाकी कुठल्याच ओरिशापर्यंत तुमचं काही पोचत नाही.