स्वयंपाकघर नव्याने करताना बांधकाम परवानगी खरंच लागते का, की विचारायला गेलं की त्रास सुरू होतो?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. "विचारायला गेलं की त्रास सुरू होतो" हे वाक्य मी गेली सहा वर्षं ऐकतोय, माझ्याच घरात, माझ्याच मेव्हण्याच्या तोंडून. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे आणि त्यातलं सगळंच काही तुमच्या कामाचं नसेल.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. रंग, त्याच जागी नवा ओटा, कपाटं, ट्रॉल्या, जुना नळ काढून नवा, यासाठी सहसा कुणी परवानगी मागत नाही. भिंत पाडायची, खिडकी मोठी करायची, सिंक दुसऱ्या भिंतीला न्यायचं, गॅसची नळी हलवायची किंवा विजेची नवी लाइन ओढायची, यातलं एक जरी असेल तरी भिंतीला हात लावायच्या आधी जाऊन विचारा. नेमका कोणता कागद लागतो ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. इमारतीत राहत असाल तर तिथल्या मंडळींची लेखी संमती वेगळी. झालं तुमचं उत्तर. आता माझं ऐका.

आमचं स्वयंपाकघर तीन मीटर बाय तीन मीटर. त्याला लागून कपडे धुण्याची अरुंद मोरी आणि मोरीच्या भिंतीवर गॅसचा गीझर. बसायच्या खोलीकडची भिंत काढायची, सिंक खिडकीकडच्या बाजूला आणायचं, साध्या शेगडीऐवजी इंडक्शन घ्यायचं आणि त्याच्या डोक्यावर भली मोठी चिमणी बसवायची, असा बेत होता. कंत्राटदार मेव्हण्याने आणला. त्याने बोटाच्या पेराने भिंत तीन ठिकाणी ठोकली, कान लावला आणि म्हणाला, "पोकळ वाजतेय, हिच्यावर काही भार नाही." मेव्हण्याने मान डोलावली. मेव्हणा वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे.

मी परवानगीचं विचारलं तर दोघंही हसले. "दाजी, आपल्याच घरात आपण ओटा बांधतोय, धरण नाही."

दोन दिवसांत भिंत गेली. चौथ्या दिवशी सकाळी छताच्या गिलाव्यात केसाएवढी चीर दिसली. ती आधीपासून होती की आत्ताची, हे कुणालाच सांगता येईना, कारण आधी कुणी वर बघितलंच नव्हतं. कामावर जाताना मी बांधकाम खात्याच्या खिडकीपाशी थांबलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. आतल्या बाईंनी पत्ता विचारला, मी घर क्रमांकासकट सांगितला. नाव विचारलं, तेही सांगितलं. "काम सुरू झालंय का?" म्हणाल्या. इथे खोटं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "थोडंसं."

संध्याकाळी घरी हे सांगितलं तेव्हा मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याने कंत्राटदाराच्या मागे घाई लावली. कुणी यायच्या आत सगळं झाकून टाकायचं, हा त्याचा हिशोब. आठवड्याने इन्स्पेक्टर दारात उभे राहिले तेव्हा दोन भिंतींवर टाइल्स चढलेल्या होत्या आणि त्यांच्या मागे वायरी आणि नळ्या गाडलेल्या होत्या. काम थांबवा अशी नोटीस मिळाली. ती माझ्या नावाने होती. कंत्राटदाराचं नाव त्यात कुठेही नव्हतं, मेव्हण्याचं तर नव्हतंच.

पुढचे सात आठवडे आम्ही झोपायच्या खोलीत एका हॉटप्लेटवर रांधलं आणि भांडी न्हाणीघरात घासली. बायको त्या दिवसांबद्दल अजूनही फारसं बोलत नाही. नकाशा काढून घेतला, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणलं, दंड भरला आणि नव्या कोऱ्या टाइल्स तीन ठिकाणी फोडून दाखवल्या. या काळात मेव्हणा दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, "विचारायला गेलात म्हणून अडकलात."

त्याची एक गोष्ट मान्य करायला हवी. इंजिनिअरने बघून सांगितलं की ती भिंत खरोखर नुसती आडोशाची होती, साडेचार इंची, भार शून्य. चीरही जुनीच, फक्त गिलाव्यातली. म्हणजे ज्या भीतीने मी त्या खिडकीवर गेलो ती भीतीच खोटी होती. हे मेव्हणा आजही पाहुण्यांसमोर सांगतो.

पण टाइल्स फोडल्यावर आत जे दिसलं ते तो सांगत नाही.

सिंक अडीच मीटर सरकवलं होतं. सांडपाण्याच्या बारीक नळीला चाळीसास एक असा उतार द्यायची साधारण पद्धत आहे, म्हणजे मीटरमागे 25 मिलिमीटर. अडीच मीटरला सहा सेंटिमीटरांच्या वर उतार हवा. प्लंबरने दोनही दिला नव्हता, कारण जमिनीत तेवढी जागाच नव्हती आणि तसं सांगितलं असतं तर सिंक हलवणंच रद्द झालं असतं. पहिले काही महिने पाणी गेलं असतं. मग तेलकट गाळ बसला असता आणि आम्ही दर पंधरा दिवसांनी नळी मोकळी करत बसलो असतो. वायरमनने इंडक्शन जुन्याच प्लगच्या वायरीवर जोडायची तयारी केली होती. इंडक्शनचं पूर्ण जोराचं मागणं 7 किलोवॉट. 230 व्होल्टला ते 30 अँपिअर होतात. ती वायर त्याच्या निम्म्याची. टाइलमागे वायर तापते तेव्हा बाहेरून काही दिसत नाही.

जमिनीचंही तसंच. कंत्राटदार जुन्या लाद्या न उखडता त्यावरच पाच सेंटिमीटर मसाला टाकून नव्या बसवणार होता, कारण उखडायचा राडा नको. इंजिनिअरने तिथेच कागदावर आकडा मांडला. एवढा मसाला चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास भरतो, वर लाद्या वेगळ्या. राहत्या घराच्या स्लॅबला माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला साधारण दोनशे किलो धरलेले असतात. निम्मा वाटा आपण नुसत्या चकचकीत जमिनीत घालवणार होतो. उखडायचा राडा झाला.

आणि मग चिमणी. हे मला मुद्दाम सविस्तर सांगायचंय, कारण याबद्दल कुणीच बोलत नाही.

इन्स्पेक्टर दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी चिमणीच्या खोक्यावरचा आकडा वाचला, तासाला 1000 घनमीटर. खोलीकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "ही एवढी हवा बाहेर फेकणार. तेवढी आत कुठून येणार?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी हिशोब करून दाखवला. खोलीत हवा मावते पंचवीस घनमीटर. चिमणी पूर्ण जोरात चालली तर दीड मिनिटात खोलीभर हवा ओढून टाकते. भिंत काढून खोली मोठी झाली होती खरी, पण तिथे सरकतं काचेचं दार बसणार होतं आणि मोरीची हवा यायची झडप आम्ही कपाटामागे बुजवली होती. मग त्यांनी उदबत्ती मागितली. दारं-खिडक्या बंद केल्या, चिमणी सुरू केली आणि मोरीतल्या गीझरच्या धुराड्यापाशी उदबत्ती धरली. धूर धुराड्यातून वर जायला हवा होता. तो वाकला आणि सरळ स्वयंपाकघराकडे निघाला.

चिमणी हवा मिळेल तिथून ओढते. खिडकी बंद असेल तर गीझरच्या धुराड्यातून ओढते, म्हणजे जळलेला वायू वर जायच्याऐवजी घरात उतरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. थंडीचे दिवस, खिडक्या बंद, एक जण अंघोळीला आणि दुसरा शेगडीपाशी. मी पुढचं सांगत नाही.

गीझर बदलला. बाहेरूनच हवा घेणारा, बंद पेटीचा घेतला. मोरीची झडप मोकळी केली आणि खिडकीखाली जाळी बसवली. दोन दिवसांचं काम. कंत्राटदाराच्या, प्लंबरच्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं, कारण प्रत्येक जण आपापलं बघत होता. सगळं एकत्र बघायला बाहेरचा माणूस लागला. भिंत ठोकून हे ऐकू येत नाही.

यावर मेव्हण्याचं म्हणणं काय, तर "माझं घर, माझी जोखीम." एकदा जेवताना वाद चढला तेव्हा मी त्याला लंडनच्या रोनन पॉइंटचं उदाहरण दिलं. 16 मे 1968, बावीस मजली इमारत, अठराव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात एका बाईने सकाळी चहासाठी शेगडी पेटवली. शेगडीच्या जोडणीतला निकृष्ट पितळी नट तुटून गॅस साचला होता. स्फोटाने भिंती बाहेर फेकल्या गेल्या आणि इमारतीचा तो अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. ती बाई वाचली. जोखीम कुणाची होती, सांग म्हटलं. मेव्हणा शांतपणे म्हणाला, "दाजी, ती इमारत तर तिथल्या नगरपालिकेनेच बांधून घेतली होती ना?" खरंच होतं ते. मी गप्प जेवलो.

पुढच्या वर्षी मी तयारीने गेलो. दक्षिण कोरियातल्या सोलचं साम्पूंग हे मोठं दुकान, 29 जून 1995 रोजी कोसळलं, 502 माणसं गेली. पाचव्या मजल्यावर स्केटिंगची जागा असणार होती, तिथे मागाहून उपाहारगृहं केली. त्यांच्या जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या घातल्या, जमीन जाड झाली, वर स्वयंपाकघरांचं वजन आलं. खांब आधीच बारीक केलेले होते. यावर मेव्हणा म्हणाला, "तुमचं स्वयंपाकघर आहे का पाचशे माणसांचं?" त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण जुन्या लाद्यांवर मसाला ओतायला निघालेला माणूस त्याच वाटेने चाललेला असतो, फक्त लहान मापात, असं मला अजूनही वाटतं.

तुम्ही एवढंच करा. कंत्राटदार "परवानगीचं मी बघतो" म्हणाला तर कागद हातात येईपर्यंत हातोडा उचलू देऊ नका. अर्ज कुणीही लिहो, नोटीस मालकाला येते. अर्जात भिंतींबरोबर चिमणीचा आकडा, इंडक्शनचे किलोवॉट आणि गॅसवर चालणारं घरातलं प्रत्येक उपकरण लिहा, विचारलं नसलं तरी. तपासणी कोणत्या टप्प्यावर होणार हे आधीच विचारून ठेवा. नळ्या-वायरी उघड्या असतानाच ती व्हायला हवी, टाइल्स लागल्यावरची तपासणी म्हणजे नुसता फेरफटका. आणि शेवटी काम पुरं झाल्याचा दाखला घ्या. मंजुरी घेऊन दाखला न घेणारे मी पाहिलेत, घर विकायला काढल्यावर त्यांची पळापळ होते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सगळ्याच खिडक्यांवर सरळ उत्तर मिळत नाही, खेटे घालायला लागतात, आणि मला भेटले तसे इन्स्पेक्टर प्रत्येकाच्या नशिबी नसतात. नुसता सही करून जाणाराही भेटेल. त्यामुळे भिंत पाडणार असाल तर परवानगी मिळो न मिळो, आपला एक इंजिनिअर पैसे देऊन बघायला बोलवाच. आणि तुमच्या प्रश्नातली ती भीती अगदीच खोटी नाही. विचारायला गेलो आणि त्रास झाला, हे माझ्या बाबतीत घडलं. पण मी चौथ्या दिवशी गेलो. पहिल्या दिवसाच्या आधी गेलो असतो तर नकाशाला लागले असते तेवढेच दिवस गेले असते आणि टाइल्स एकदाच लागल्या असत्या. हे मी मेव्हण्याला कधी नीट सांगू शकलो नाही, कारण तो वाक्य पूर्ण होऊ देत नाही.

एक राहिलं. भिंती बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. आमचे ते इन्स्पेक्टरनेच काढायला लावले होते. मागच्या महिन्यात ओट्याच्या वर एक फळी लावायची होती. तो जुना फोटो उघडून बघितला तर जिथे भोक पाडायचं ठरवलं होतं तिथून चार बोटांवर इंडक्शनची वायर होती. फळी वर सरकवली. भोक मेव्हण्यानेच पाडलं.