दोन कुत्र्यांना घेऊन हिवाळ्याच्या तोंडावर गोठलेल्या डोंगरवाटेवर जावं का?

दोन्ही कुत्री तगडी आहेत, रोज पळतात, मग वाटेवर थोडा बर्फ असला तर बिघडलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. कुत्र्यांचं सहसा फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पट्टा धरलेल्या माणसाचं.

मीही माझी दोन कुत्री घेऊन अशा वाटांवर जातो. त्यांना चार पाय आणि रुतणाऱ्या नख्या असतात, आपल्याला नुसते बूट. चढताना हा फरक कळत नाही. उतरताना मात्र पुढे काही हललं की दोघं एकदम झेपावतात आणि आपण आपटतो. म्हणून कमरेला बांधायचा पट्टा बर्फावर नकोच. पट्टा हातात धरा, मनगटाला गुंडाळू नका, आणि गळपट्ट्याऐवजी हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्यांना, लावा. दोन कुत्री असतील तर सोबत दुसरा माणूस हवा: एका माणसामागे एकच कुत्रा, हे मी पाळतो. घसरलं की थेट दरीत, अशी जागा वाटेत असेल तर ती वाट कुत्र्यांना घेऊन जायची नाहीच. बुटांना मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फात रुतणारे लोखंडी दाते, लावा, पण त्या दातांखाली कुत्र्याचा पंजा आला तर चांगलाच फाटतो, तेव्हा कुत्र्यांना पायात घोटाळू देऊ नका.

हे दिवस मला ऐन हिवाळ्यापेक्षा फसवे वाटतात. दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि पडलेल्या पानांखाली निसरडा थर लपून राहतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला 5 अंश असेल तर वर शून्याच्या खाली गेलंच समजा. त्यात दिवस लहान. परतायची वेळ निघतानाच ठरवा, शिखर हाती लागो वा न लागो. शिकारीचा हंगाम चालू असलेल्या भागात कुत्र्यांना भडक नारिंगी जॅकेट घाला, स्वतःही घाला.

तळ्यांपासून मात्र लांबच राहा. माणसाने चालायला निदान 10 सेंटीमीटर जाडीचा पक्का बर्फ लागतो आणि या दिवसांत तो तसा असेल हे गृहीत धरता येत नाही. पाणी दिसण्याआधीच पट्टा लावलेला असू द्या. कुत्रा आत पडला तर त्याच्यामागे उतरू नका. काठावरून हाका मारत राहा आणि मदत बोलवा.

पंज्यांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. बोटांमधल्या केसांत बर्फाचे गोळे धरतात आणि कुत्रा लंगडायला लागतो. ते केस आधी कापून घ्या, पंज्यांना मेण चोळा. कुत्र्याचे बूट घेणार असाल तर सवय घरीच लावा, नाहीतर अर्ध्या वाटेत एक बूट हरवणार आणि उरलेले तुमच्या पिशवीत येणार. परतल्यावर पंजे धुऊन पुसा, कारण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटून पोटात जातं. गाड्या लावायच्या जागी सांडलेलं अँटिफ्रीझ (इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते द्रव्य) तर गोडसर लागतं आणि थोडंसंही जीवघेणं ठरतं.

आखूड केसांचा, लहान किंवा म्हातारा कुत्रा असेल तर अंगात जॅकेट हवंच. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39 अंश असतं. तो थरथरतोय, पाय आलटून पालटून उचलतोय, मागे रेंगाळतोय, असं दिसलं की तिथूनच परत फिरा. थरथर थांबली आणि तो सुस्त पडला तर ती सुधारणा नव्हे, प्रकृती आणखी बिघडलीय. कोरडा करा, कोरड्या कपड्यात गुंडाळा आणि थेट पशुवैद्याकडे न्या. गार पडलेले पाय चोळू नका, गरम पाण्यातही बुडवू नका.

एक वस्तू मात्र सोबत हवीच: कुत्र्याला पाठीवर उचलून न्यायची झोळी. तीस किलोचा कुत्रा नुसत्या हातांत धरून गोठलेल्या उतारावरून आणता येत नाही. घरी एकदा त्याला तिच्यात बसवून पाहा. पहिल्यांदा बहुतेक कुत्री जोरदार विरोध करतात.