कोकणात समुद्राजवळच्या घराभोवती सुवासिक फुलांची कोणती झुडपं लावावीत?

तुम्ही लिहिलंय, हर्णैच्या अलीकडे पाच गुंठ्यांत घर बांधलं, पश्चिमेला अर्ध्या किलोमीटरवर समुद्र, खाली जांभा. मोगरा, अनंत, रातराणी आणि लॅव्हेंडर यांतलं काय जगेल?

जगेल बरंच. मी दापोली तालुक्यातलाच. माझी जी झाडं मेली, त्यातली बहुतेक चुकीच्या जागी लावल्यामुळे मेली, म्हणून आधी जागेचं बोलतो.

दिवसा खारा वारा समुद्रावरून घरात येतो. रात्री जमीन निवली की मतलई वारा उलटा, डोंगराकडून समुद्राकडे जातो. पावसाळा सोडला तर हे जवळपास रोजचं. आणि आपली सुवासिक फुलं बहुतेक पांढरी, रात्री दरवळणारी, कारण त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे पतंग. मी पहिली रातराणी हौसेने पुढच्या अंगणात, पश्चिमेला लावली. घरात वासाचा पत्ता नाही, समोरच्या पाणंदीने जाणारे मात्र कौतुक करायचे! पुढच्या पावसाळ्यात तिच्याच फांद्या मागीलदारी पूर्वेला खोचल्या, चटकन जगल्या. आता रात्री जेवणं उरकेपर्यंत माजघरात वास येतो. पूर्वेचा दुसरा फायदा म्हणजे घरच आडोसा होतं आणि खारं पानांवर बसत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडची समुद्राकडची पानं उकडल्यासारखी काळपट झाली होती. घरामागची बरीच वाचली.

पश्चिमेला काही हवंच असेल तर गडग्याच्या आतून मेंदीचं कुंपण करा. मेंदी आपण पानांसाठी ओळखतो, पण तिच्या बारीक फुलांना फार गोड वास असतो. गुलहिना अत्तर त्याचंच. खारा वारा आणि उन्हाळा दोन्ही सोसते.

आता कातळ. नुसता खड्डा खोदून माती भरलीत तर जुलैत त्याची घागर होते, पाणी साठतं आणि मुळं कुजतात. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पण उताराच्या बाजूने पहारीने एक चर फोडून पाण्याला वाट द्या. लाल माती, कुजलेलं शेणखत, पालापाचोळा भरून वर वीतभर उंचवटा करा. लागवड मृगात करण्यापेक्षा श्रावणात, पावसाचा जोर ओसरल्यावर करा. मृगात लावलेलं रोप आमच्याकडे धुऊन जातं.

अनंताला जांभ्याची आंबट माती मानवते. देशावरची मंडळी त्याची पानं पिवळी पडतात म्हणून रडतात, आपल्याला तो त्रास फारसा नाही. मला झाला तो माझ्या शहाणपणामुळे. न्हाणीचं पाणी फुकट जातंय म्हणून ते अनंताकडे वळवलं. साबणाच्या क्षाराने वर्षभरात पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या! न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू ठेवा. सोनटक्क्याला सतत ओल लागते. त्याला विहिरीच्या पन्हळाशी जागा द्या, पावसाळ्यात तो फुलतो. अनंताचं आणखी एक, कळ्या धरल्यावर पाणी चुकवू नका. ताण बसला की टपोऱ्या कळ्या न उमलता गळतात.

मोगऱ्याचं नेमकं उलट. त्याला आधी ताण हवा. डिसेंबरअखेर पाणी तोडा, जानेवारीत अर्ध्यावर छाटा, उरलेली पानं ओरबाडून काढा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. कळ्या नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. जो छाटायला घाबरतो त्याला नुसती पानं मिळतात. युरिया टाकणाऱ्यालाही. दिवसभराचं ऊन मात्र लागतंच. माडाच्या सावलीत मोगरा लावून वाट बघत बसलेले बरेच लोक मी पाहिलेत.

रातराणीबद्दल घरच्यांनी सापाची भीती घातली असेल. साप वासाला येत नाही. झुडपाखाली पाचोळा आणि ओल असली की बेडूक, उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं काही दुर्मीळ नाही आणि त्याला जांभ्याच्या दगडांच्या फटी आवडतात. म्हणून बुंधा झाडून स्वच्छ ठेवा, दाराशी चिरे रचून ठेवू नका. रातराणी घरापासून पंधरा-वीस फूट तरी लांब हवी. खिडकीशी लावलीत तर डोकं धरतं. तिचे सगळेच भाग विषारी आहेत, तेव्हा लहान मुलं पांढरी फळं तोंडात घालणार नाहीत एवढं बघा.

बाकीची थोडक्यात. कुंती कुंपणाला चांगली, पावसाच्या सरीनंतर एकदम फुलते. घरी लिंबू असेल तर त्याच्यापासून लांब लावा, लिंबावरची सायला कीड तिच्यावरही पोसते. कुंदा थंडीतला. पारिजातक झुडूप म्हणून आणतात आणि तो बघता बघता पडवीच्या वर जातो, पण सकाळी सडा पडतो तेव्हा तक्रार करवत नाही. सुरंगी लावायची फार इच्छा होते, पण तो वृक्ष, वाढही संथ. पाच गुंठ्यांत एका कोपऱ्यात लावून विसरून जायची तयारी असेल तरच.

लॅव्हेंडर नकोच. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, ते मूळचं कोरड्या भूमध्य डोंगरांवरचं. ऑगस्टपर्यंत काळं पडेल. पानांचाच वास हवा असेल तर कुंडीत मरवा लावा आणि मे अखेरीस कुंडी उचलून पडवीत ठेवा.