एकांकिकेतल्या परदेशी पाहुण्याने कोणत्या भाषेत बोलावं?

मराठीतच बोलू द्या, आणि तेही स्वच्छ. ठाण्याच्या सोसायटीत राहायला आलेला तुमचा जर्मन पाहुणा आणि शेजारचे काका, दोघंही सरळ मराठी बोलतात. एकमेकांचं काही कळत नाही, प्रेक्षकाला मात्र दोन्हीकडचं कळतं. आयरिश नाटककार ब्रायन फ्रीलने १९८० च्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकात हेच केलंय. इंग्रज लेफ्टनंट आणि आयरिश मुलगी, रंगमंचावर दोघांची भाषा इंग्रजीच, पण ती आयरिश बोलतेय असं आपण धरून चालतो. त्यांचा प्रेमप्रवेश त्या न कळण्यावरच उभा आहे. मी हौशी एकांकिकांना बरीच वर्षं प्रॉम्प्टिंग करतो. तोडकंमोडकं 'हमको चाय मांगता' छाप बोलणं पहिली दोन मिनिटं हशा घेतं, मग मागच्या रांगा खोकायला लागतात. शिवाय हसं होतं ते पाहुण्याचंच, काकांचं कधी नाही.

अपवाद एकच: घोळ शब्दातच असेल तेव्हा. काका निघताना 'येतो' म्हणतात आणि पाहुणा दार उघडं ठेवून, दोन कप मांडून, तासभर वाट बघतो. किंवा काकू 'नको नको' म्हणतात आणि हा खरंच दुसरी पुरणपोळी वाढत नाही. (काकूंचा चेहरा दाखवा, संवाद नको.) अशा जागी त्याला नुकतंच शिकलेलं, पुस्तकी मराठी द्या, बाकी प्रवेशांपेक्षा ते वेगळं ऐकू आलं पाहिजे.