दाढीचा फेस करायला हाताने घडवलेला मातीचा बाऊल चालतो का?

तुम्ही विचारलंय की बहिणीने प्रदर्शनातून हाताने केलेला मातीचा बाऊल आणून दिलाय, त्यात ब्रशने दाढीचा फेस करावा का, स्टीलच्या वाटीपेक्षा खरंच काही फरक पडतो का, आणि आतून ज्या गोल गोल रेघा आहेत त्यांनी ब्रश खराब होईल का.

चालतो, आणि बाऊल योग्य असेल तर फरक भरपूर पडतो. मी सहा वर्षं रोज सकाळी हेच करतोय. पण मातीचा बाऊल म्हटलं की त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात आणि तिथेच लोकांचा गोंधळ होतो. घरातला माठ आठवा आणि आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी आठवा. दोन्ही मातीच्याच, पण माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं आणि बरणी पाझरत नाही म्हणून लोणचं वर्षभर टिकतं. दाढीला बरणीच्या जातीचं भांडं लागतं, माठाच्या जातीचं नाही.

माझा पहिला बाऊल माठाच्या जातीचा होता. लाल टेराकोटा, बाहेरून सुंदर नक्षी, आतून काहीच लावलेलं नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं माझी क्रीमच वाईट आहे, कारण फेस व्हायचा पण गालावर दुसरा हात फिरवेपर्यंत बाऊलमधला उरलेला फेस कोरडा पडून कडेला चिकटलेला असायचा. फेस म्हणजे साबण, पाणी आणि हवा, त्यातलं पाणी ती माती ओढून घेत होती, बाकी काही नाही. महिन्याभराने त्याला कुबट वास यायला लागला आणि बुडाशी काळे ठिपके आले, साबण आत मुरला की तो धुऊन निघत नाही. शेवटी त्यात पुदिना लावला.

कारण भाजण्यात आहे. टेराकोटा साधारण ९०० ते १०५० अंश सेल्सिअसला भाजतात, तेवढ्यात माती टणक होते पण बारीक छिद्रं उघडीच राहतात. स्टोनवेअर, म्हणजे बरणीच्या जातीची भांडी, १२०० च्या वर नेतात, तिथे मातीचे कण एकमेकांत वितळून जवळजवळ काचेसारखे घट्ट होतात, शिवाय वरून ग्लेझ म्हणजे काचेचाच थर असतो. वाजवून बघा, माठ घेताना वाजवतो तसं बोटाच्या पेराने. चांगलं भाजलेलं स्टोनवेअर खणखणीत वाजतं, कच्चं किंवा तडा गेलेलं भांडं बद्द वाजतं. जयपूरची ब्लू पॉटरी मात्र या कामाला घेऊ नका, दिसते फार सुरेख पण त्यात नेहमीची माती नसतेच, क्वार्ट्झची पूड, काचेची पूड आणि मुलतानी माती असं मिश्रण असतं, कमी आचेवर भाजलेलं आणि नाजूक, रोज ओल्या हाताने उचलायचं भांडं नव्हे ते.

आता रेघांचं. त्या रेघा म्हणजे चाकावर माती वर ओढताना उमटलेले बोटांचे ठसे, आणि फेसासाठी त्या वरदान आहेत. गुळगुळीत स्टीलच्या वाटीत ब्रश नुसता घसरत फिरतो, तुम्ही दोन मिनिटं घोळवत बसता. रेघा असल्या की ब्रशचे केस दर फेरीला थोडे अडतात, सुटतात आणि तेवढ्याच वेळा हवा आत मारतात, ताक घुसळताना रवीच्या कंगोऱ्यांचं जे काम तेच. फक्त त्या रेघा गोलसर हव्यात आणि त्यांच्यावर ग्लेझ हवं. ओळखायची सोपी युक्ती सांगतो, कापसाचा बोळा आतून दाबून फिरवा, कापसाचे धागे कुठे अडकून राहिले तर तिथे ब्रशचे केसही तुटणार. काही लोक मुद्दाम टोकदार खवले किंवा काटे काढून देतात, फोटोत भारी दिसतं, ब्रशचं वाटोळं होतं.

माझा आत्ताचा बाऊल पुण्यात एका स्टुडिओत पॉटरी करणाऱ्या ताईंकडून करून घेतलाय. त्यांनी आधी मला ब्रश घेऊन यायला सांगितलं, मग माझा डावा हात उलटसुलट करून बघितला, तळव्यात काय मावेल ते. आतून पाच इंच रुंद आणि अडीच इंच खोल हवा म्हटल्यावर त्यांनी चाकावर साडेपाचच्याही पुढे नेला, मी म्हटलं ताई मोठा होतोय, तर म्हणाल्या वाळून आणि भाजून दहा-बारा टक्के आक्रसतो, आत्ता मोठा दिसलाच पाहिजे. मग ओल्या मातीत आतल्या बाजूने एकच बोट टेकवून चाक हळू केलं आणि बोट मधून बाहेर नेत गेल्या, एकच रेघ सुरू होऊन जिलबीसारखी कडेपर्यंत आली. महिन्याभराने बाऊल हातात आला तेव्हा माझा अंगठा बरोबर त्यांनी दाबलेल्या खळग्यात बसला. हे दुकानातल्या साच्यातल्या भांड्यात मिळत नाही, आणि साबणाच्या हाताने धरायचं म्हटल्यावर हा खळगा नुसता शोभेचा राहत नाही. बाहेरून त्यांनी ग्लेझ अर्ध्यावरच ठेवलं, खालची खरखरीत माती पकडायला बरी.

आपल्याकडे असं काम करणारे लोक आता बरेच आहेत. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथे शिकून गेलेले कुंभार देशभर पसरलेत. स्वस्तात हवं असेल तर उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचे बाऊल सगळीकडे मिळतात, पण ते आतून बहुतेक गुळगुळीत असतात.

उष्णतेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. लोक म्हणतात मातीत फेस गरम राहतो. राहतो, पण बाऊल आधी गरम केला तरच. भिंत जाड असते ना, थंड बाऊलमध्ये तुम्ही फेस केलात तर ती जाड भिंत उलट फेसातली ऊब ओढून घेते आणि डिसेंबरात पुण्यात गालावर गारेगार फेस लागतो. म्हणून मी आंघोळीला जायच्या आधी त्यात गीझरचं पाणी भरून ठेवतो आणि त्याच पाण्यात ब्रश भिजतो, बाहेर आल्यावर पाणी ओतून द्यायचं. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर त्याला चार-पाच मिनिटं भिजायला लागतातच, सिंथेटिकला नाही लागत. मात्र गॅसवरचं उकळतं पाणी थंडगार बाऊलमध्ये कधीही ओतू नका. माझा दुसरा बाऊल असाच गेला, टक्क असा एकच आवाज आला आणि कडेपासून बुडापर्यंत केसाएवढी चीर, मला फार वाईट वाटलं कारण तो भाच्याने स्वतः शिकून केलेला पहिला बाऊल होता. माती एका बाजूने एकदम फुगते, दुसरी बाजू थंडच असते, त्या ओढाताणीत ती फाटते.

फेस करताना ब्रश आधी चांगला झटका, बदामाएवढी क्रीम बाऊलच्या मधोमध, आणि पाणी थेंबाथेंबाने. सुरुवातीला मोठे बुडबुडे दिसतील, रेघांवर ब्रशचा खरखर आवाज येईल, घाबरून क्रीम वाढवू नका, फिरवत राहा. मिनिटभरात आवाज मऊ होतो आणि बुडबुडे दिसेनासे होतात. चक्क्यासारखा घट्ट असेल तर अजून पाणी, ताकासारखा ओघळला तर पाणी जास्त झालं, श्रीखंडासारखा ब्रशवर उभा राहिला की झालं. हे सगळं करूनही फेस बसत असेल तर बाऊलला दोष देण्याआधी पाणी बघा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट साका करतं, तो साका आत पांढरा थर म्हणून दिसतो. पिण्याचं फिल्टरचं पाणी वाटीभर घेऊन एकदा करून बघा, फरक लगेच कळेल. पांढरा थर लिंबाच्या फोडीने निघतो.

रोजची काळजी फार नाही, धुवायचा आणि उपडा न ठेवता आडवा कलता ठेवायचा, बुडाच्या कडेला ग्लेझ नसतं त्यामुळे ओल्या ओट्यावर तसाच ठेवला की तिथे काळं धरतं, मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर नक्कीच. ती कडा खरखरीत असेल तर काचपेपरने घासून घ्या, नाहीतर बेसिनवर ओरखडे येतात. पितळी वाटी वाईट असं मी म्हणणार नाही, गावाला न्हावीकाका धोकटीतून पितळी वाटीच काढायचे आणि त्यातल्या गार पाण्यात सुद्धा त्यांचा हात असा होता की दाढी दुखायची नाही.

तुमचा बाऊल कुठल्या जातीचा हे मला इथून कळणार नाही, पण तुम्हाला घरी कळेल. आज रात्री तो काठोकाठ भरून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर बिनधास्त वापरायला घ्या, खाली ओला गोल उमटला असेल तर त्यात मोगऱ्याची फुलं ठेवा आणि बहिणीला सांगा की पुढच्या वेळी आतून ग्लेझ असलेला, खणखणीत वाजणारा बघ.